कामाचा स्वभाव, माणसाचा स्वभाव

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट ब अराजपत्रित सेवांच्या परीक्षेतून पोलीस उपनिरीक्षक, राज्य कर निरीक्षक आणि सहायक कक्ष अधिकारी ही पदं भरली जातात. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणारी मुलं त्यांना पीएसआय, एसटीआय, एएसओ म्हणतात. तिन्हींची पुस्तकं बरीचशी सारखी, क्लासही तेच. पण निवड झाल्यानंतरचे दिवस अजिबात सारखे नाहीत. पीएसआयच्या वाट्याला गस्त, बंदोबस्त, पंचनामे, रडणारे फिर्यादी आणि खवळलेला जमाव येतो. एसटीआयसमोर व्यापाऱ्यांची विवरणपत्रं असतात आणि आकड्यांत कुठे काही लपलंय का हे त्याला शोधायचं असतं. एएसओ मंत्रालयात फायलीवर टिपणी लिहितो, जुना शासन निर्णय हुडकून काढतो, मसुदा तयार करून वर पाठवतो. तरीही "आधी पोस्ट निघू दे, कुठली ते नंतर बघू," असं म्हणत वर्षानुवर्षं अभ्यास चालतो. पसंतीक्रम लिहायची वेळ आली की तो मानाच्या, वर्दीच्या किंवा बदलीच्या गावाच्या हिशेबानं लिहिला जातो. दिवसभर नेमकं काय करावं लागेल आणि ते आपल्याला मानवेल का, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतच नाही.

जागा मोजक्या आणि उमेदवार लाखांनी असताना मिळेल ते घेणं मी समजू शकतो. पण ज्यांच्यापुढे खरोखर निवड असते तेही हा प्रश्न विचारत नाहीत. दहावीनंतर घरात चर्चा होते ती स्कोपची. "सध्या कशाला स्कोप आहे?" या प्रश्नात बाजार असतो, पगार असतो, शेजारच्या मुलाचं पॅकेज असतं. ज्या मुलाला पुढची चाळीस वर्षं ते काम करायचं आहे, त्याचा स्वभाव त्यात कुठेच नसतो. या प्रकरणात आपण तो स्वभाव चर्चेत आणणार आहोत. व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांचा करिअर निवडताना कितपत उपयोग होतो आणि कुठे होत नाही, ते पाहू.

या विचाराला शास्त्राची शिस्त लावायला सुरुवात झाली बॉस्टनमध्ये. फ्रँक पार्सन्स हे शिक्षणानं इंजिनिअर. पुढे त्यांनी वकिली केली, शिकवलं, पुस्तकं लिहिली. शहराच्या नॉर्थ एंड भागात स्थलांतरितांसाठी चालणाऱ्या सिव्हिक सर्व्हिस हाउसमध्ये त्यांनी जानेवारी १९०८मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय उघडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते वारले आणि त्यांचं पुस्तक १९०९मध्ये, त्यांच्या पश्चात आलं. त्यांचं सूत्र तीन पायऱ्यांचं होतं: स्वतःला नीट ओळखा, कामांची नीट माहिती काढा, मग दोन्हींची सांगड घाला. शंभर वर्षांत चाचण्या कितीतरी निघाल्या, पण सूत्र तेच आहे. आपल्याकडे यातली दुसरी पायरी जवळजवळ गाळली जाते. पैसे भरून चाचणी दिली जाते, पण कामाची माहिती कुणी काढत नाही.

या सूत्राला सगळ्यात उपयोगी रूप दिलं जॉन हॉलंड यांनी. ते नेब्रास्कातल्या ओमाहाचे. १९४२मध्ये पदवी घेतल्यावर ते अमेरिकी सैन्यात गेले आणि नव्यानं भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या आधीच्या कामाधंद्याच्या नोंदी करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. माणसं असंख्य, पण त्यांचे कामाचे इतिहास ऐकताना त्याच त्या मोजक्या तऱ्हा पुन्हा पुन्हा समोर येतात, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं. ही कल्पना डोक्यात घेऊन ते मानसशास्त्राकडे वळले, मिनेसोटातून डॉक्टरेट घेतली आणि १९५९मध्ये व्यवसाय निवडीचा सिद्धांत मांडला. त्यात माणसांचे सहा प्रकार होते. नावं पुढे बदलली, संख्या सहाच राहिली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना आर, आय, ए, एस, ई, सी म्हणतात. मी त्यांना हस्तकुशल, शोधक, सर्जक, सेवाभावी, उद्यमी आणि नेटका अशी नावं देतो.

हे सहा जण पाहायचे असतील तर लग्नघरात जा. कुणी न सांगता एक काका मांडवाच्या बांबूपाशी उभे असतात, लाइटची माळ लागत नसेल तर स्वतः वायर हातात घेतात, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते ठरवतात. हे हस्तकुशल. यांना वस्तूंशी, अवजारांशी, यंत्रांशी, मातीशी काम करायला आवडतं आणि केलेल्या कामाचा परिणाम डोळ्यांना दिसावा लागतो. फिटर, सर्व्हेअर, द्राक्षबागायतदार आणि अनेक शल्यचिकित्सकही याच कुळातले. रुखवताचं टेबल मांडणारी मावसबहीण सर्जक. तिला 'मागच्या लग्नात केलं तसंच कर' असं सांगितलं की तिचा उत्साहच मावळतो. पाहुण्यांत बसून कुणाचं पथ्य, कुणाचा गुडघा, कोण रुसलंय याची दखल घेणारी आत्या सेवाभावी. शिक्षक, परिचारिका, समुपदेशक, आशा कार्यकर्ती यांच्यात ही माणसं मोठ्या संख्येनं सापडतात. कार्यालयवाल्याशी आणि केटररशी बोलणी करणारा, चार जणांना कामाला लावणारा मामा उद्यमी. माणसांना पटवणं आणि पुढे होऊन जोखीम घेणं त्याला मनापासून आवडतं. निमंत्रणांच्या याद्या, आहेराची वही आणि पैशांचा हिशेब ज्यांच्या हाती निर्धास्त सोपवला जातो, ते नेटके. वही संध्याकाळी जुळली की त्यांना जे समाधान मिळतं ते अगदी खरं असतं. 'कारकुनी' म्हणून आपण त्याला कमी लेखतो, हे मला मुळीच पटत नाही. बँका, न्यायालयं, रुग्णालयांतले अभिलेख आणि रेल्वेची वेळापत्रकं याच स्वभावावर उभी आहेत.

राहिला शोधक. लग्नघरात त्याला काम सापडत नाही. तो कोपऱ्यात काहीतरी वाचत बसतो, नाहीतर सनई हॉलच्या त्या टोकाला घुमते आणि इथे नीट ऐकू येत नाही, याचं कारण मनात शोधत असतो. त्याला माणूसघाणा म्हणतात, आई त्याच्या वतीनं दिलगिरी व्यक्त करते. खरं तर त्या घरात त्याच्या स्वभावाला लागणारं कामच त्या दिवशी नसतं. प्रयोगशाळेत, रोगनिदानात, संख्याशास्त्रात, गुन्हे अन्वेषणात त्याच मुलाला बोलतं करायला फार वेळ लागत नाही.

कुणीही पूर्णपणे एका साच्यातलं नसतं. हॉलंड यांच्या चाचणीतून सहाही प्रकारांचे गुण निघतात आणि त्यातल्या वरच्या तिघांचा मिळून एक संकेत होतो. तीच आत्या हिशेबातही चोख असेल तर तिचा संकेत निराळा, आणि सोसायटीच्या निवडणुकीत ती पुढे होत असेल तर आणखी निराळा. हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६९मध्ये असंही दिसलं की हे सहा प्रकार एका षटकोनाच्या कोपऱ्यांवर मांडता येतात. शेजारचे प्रकार एकमेकांच्या जवळचे, समोरासमोरचे सर्वांत दूरचे. हस्तकुशलच्या समोर सेवाभावी येतो, शोधकाच्या समोर उद्यमी, सर्जकाच्या समोर नेटका. ज्याच्यात समोरासमोरचे दोन कल सारखेच तीव्र असतात, त्याला आपल्या आवडी एकाच नोकरीत बसवणं जड जातं. त्यानं निराश होऊ नये. एक कल पोटापाण्याच्या कामात आणि दुसरा संध्याकाळच्या नाट्यसंस्थेत जगवणारी माणसं महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. हौशी रंगभूमीवर बँकेतल्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या मंडळींनी किती काम केलं आहे हे आपण जाणतोच.

आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. हॉलंड यांचं नाव घेतलं की सहा प्रकारच्या माणसांबद्दल बोललं जातं. पण त्यांच्या सिद्धांताचा दुसरा अर्धा भाग म्हणजे कामाच्या जागांचेही तेच सहा प्रकार असतात, आणि जागेचा स्वभाव तिथल्या माणसांमुळे घडतो. ज्या कचेरीत नेटकी माणसं जास्त, तिथे वेळेवर, नियमात आणि नोंदीसकट केलेल्या कामाचं कौतुक होतं. नवं काही सुचवणाऱ्याकडे संशयानं पाहिलं जातं. जाहिरात संस्थेत याच्या बरोबर उलट. म्हणून पदाचं नाव पुरेसं नसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं शिक्षकाचं काम नावापुरतं पाहिलं तर सेवाभावी आणि सर्जक. प्रत्यक्षात निवडणुकीची ड्यूटी, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं यात त्या शिक्षकाचा बराच वेळ जातो. अशैक्षणिक कामांविरुद्ध शिक्षक वर्षानुवर्षं बोलतात त्यामागे केवळ कामाचा बोजा नाही. ज्या स्वभावाच्या बळावर त्यांनी हा पेशा निवडला, त्या स्वभावाला दिवसभरात वावच उरत नाही, हे त्यामागचं दुःख आहे. सॉफ्टवेअर कंपनीतही असंच. एकाच पदवीवर आलेल्या चार जणांपैकी एक कोड लिहितो, दुसरी दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधते, तिसरा परदेशी ग्राहकाशी रात्री बोलतो, चौथी कुणाचं काम कुठवर आलं याचे तक्ते भरते. चौघांचा व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा मात्र एकसारखा असू शकतो.

सिद्धांत म्हणतो, माणसाचा आणि जागेचा स्वभाव जुळला की समाधान वाढतं. हे खरं किती? २०२०मध्ये शंभरावर अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात, आवड आणि काम यांचा मेळ व कामातलं समाधान यांच्यातला सहसंबंध ०.१९च्या आसपास निघाला. संबंध आहे, पण दुबळा. समाधानात माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला चारेक टक्के फरक या मेळातून समजतो. उरलेल्यात पगार, वरिष्ठ, घरापासूनचं अंतर, लोकलची गर्दी, आजारी आईवडील असं सगळं येतं. मात्र आवडीचा मेळ शिक्षणात टिकून राहण्याशी आणि कामातल्या कामगिरीशी याहून ठळकपणे जोडलेला आढळतो. यावरून माझं मत असं झालं आहे: ही चाचणी सुखाची हमी म्हणून देऊ नये. कुठल्या कामात आपण न कंटाळता शिकत राहू, याचा अंदाज घेण्यासाठी द्यावी.

इथे दुसऱ्या एका चाचणीबद्दल बोलायला हवं, कारण ती सगळ्यात प्रसिद्ध आहे. कार्ल युंग यांनी १९२१मध्ये मांडलेल्या मानसिक प्रकारांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी चार अक्षरांची, सोळा प्रकारांची पद्धत तयार केली. कॉलेजातली मुलं एकमेकांना 'तू आयएनएफपी का?' असं विचारतात ती हीच. तिची मोठी अडचण अशी की ती प्रत्येक कसोटीवर माणसाला या बाजूला किंवा त्या बाजूला टाकते. बहुतेक माणसं मधे असतात. मधल्या माणसाला आज एक अक्षर मिळतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली तर दुसरं मिळू शकतं. उमेदवार निवडण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असं तिच्याशी संबंधित संस्था स्वतःच सांगते. मित्रांत स्वभावावर गप्पा सुरू व्हायला ती चांगली. तिच्या भरवशावर शाखा ठरवू नये.

बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या डीएमआयटी नावाच्या प्रकाराबद्दल तर स्पष्टच सांगतो: त्याला शास्त्रीय आधार नाही. हजारो रुपये घेऊन, रंगीत आलेख छापलेला जाड अहवाल हातात देऊन, पाच वर्षांच्या मुलानं काय व्हावं ते सांगितलं जातं. पालकांनी ते पैसे मुलाला चार कार्यशाळा, दोन कारखाने आणि एक नर्सरी दाखवण्यात घालवावेत.

मानसशास्त्रज्ञांना आज जास्त भरवशाचे वाटतात ते स्वभावाचे पाच घटक: नवेपणाची ओढ, चोखपणा, बहिर्मुखता, समजूतदारपणा आणि भावनिक स्थैर्य. १९९१मध्ये मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की यांतला चोखपणा, म्हणजे हाती घेतलेलं नेटानं आणि वेळेत पुरं करण्याची सवय, त्यांनी पाहिलेल्या सगळ्या व्यवसायगटांत चांगल्या कामाशी जोडलेला होता. जो गुण सगळीकडे उपयोगी पडतो तो अंगी बाणवावा, पण कुठे जायचं हे ठरवायला त्याची मदत होत नाही. दिशा दाखवायला आवडीच लागतात, आणि म्हणून करिअरच्या प्रश्नात हॉलंड यांची मांडणी इतकी टिकली. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या ओ-नेट या माहितीसंग्रहात शेकडो व्यवसायांना हीच सहा अक्षरं जोडलेली आहेत आणि ६० प्रश्नांची एक चाचणी तिथे कुणालाही विनामूल्य देता येते. प्रश्न तिकडच्या आयुष्यातले आहेत, म्हणून दहावीतल्या मुलाबरोबर मोठ्यांनी बसून ते सोडवावे.

पण आवडी येतात कुठून? ज्या मुलीच्या हातात कधी पाना दिलाच नाही, तिला 'यंत्र दुरुस्त करायला आवडेल का?' असं विचारलं तर ती 'नाही' म्हणेल. ते 'नाही' खरं की न मिळालेल्या संधीचं? एडवर्ड स्ट्राँग यांची १९२७ची प्रसिद्ध आवड चाचणी पुरुषांसाठी होती. स्त्रियांसाठी वेगळी १९३३मध्ये आली, आणि दोन्ही एक व्हायला १९७४ उजाडावं लागलं. तोवर मुलींना मुळात वेगळेच प्रश्न विचारले जात. २००९मध्ये पाच लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांवर आधारलेल्या विश्लेषणात पुरुषांचा कल वस्तूंकडे आणि स्त्रियांचा माणसांकडे जास्त, असा मोठा फरक दिसला. फरक आहे हे चाचणी सांगते. तो कसा घडला हे तिला ठाऊक नसतं. त्यामुळे मुलीचे हस्तकुशलचे गुण कमी आले तर तो कप्पा लगेच बंद करू नये. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये तिला दोन दिवस घालवू द्यावेत आणि मग पुन्हा विचारावं. शहरातल्या मुलाचा शेतीकडचा कल शून्य आला तर त्याचाही अर्थ असाच सावधपणे लावायला हवा.

वयाचाही प्रश्न आहे. २०१६पासून काही वर्षं राज्य मंडळानं श्यामची आई फाउंडेशनच्या साथीनं दहावीच्या सगळ्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. खेड्यातल्या मुलापर्यंत हा प्रश्न पहिल्यांदाच पोचला, याचं मोल मी फार मोठं मानतो. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षीचा निकाल कितपत पक्का धरायचा? लांब मुदतीच्या अभ्यासांचं २००५मधलं एक विश्लेषण सांगतं की आवडी किशोरवयातही बऱ्यापैकी टिकाऊ असतात, आणि १८ ते २२ या वयात त्यांची स्थिरता एकदम वाढते. आपल्याकडे दहावीनंतरच्या शाखेचा निर्णय त्याआधीच होऊन जातो. म्हणून या वयात पुढच्या वाटा फारशा बंद न करणारा पर्याय निवडावा. दहावीनंतर आयटीआय करून पॉलिटेक्निकला जाता येतं, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. या आडवाटा माहीत असल्या की पहिल्या निर्णयाची धास्ती पुष्कळ कमी होते.

आणखी एक: कल म्हणजे क्षमता नव्हे. गाण्याची आवड असणं आणि सूर लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या चाचण्याही वेगळ्या. कल चाचणीसोबत अभिक्षमता चाचणी न घेता सल्ला देणारा समुपदेशक अर्धंच काम करतो.

चाचणीचा कागद हाती आल्यावर करायचं काय? तीन अक्षरं घ्या आणि त्यांच्याशी जुळणारी आठ-दहा कामं लिहून काढा. मग त्यातली दोन-तीन कामं प्रत्यक्ष करणारी माणसं गाठा. आत्याच्या सोसायटीत, वडिलांच्या जुन्या वर्गात, गावच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती सापडतात. त्यांना 'या फील्डमध्ये स्कोप आहे का?' असं विचारू नका. 'काल सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तुम्ही काय काय केलंत?' असं विचारा आणि तास-तास लिहून घ्या. एखादी आर्किटेक्ट सांगेल: तासभर चित्र काढलं, दोन तास महापालिकेत परवानगीसाठी गेले, दुपारी साइटवर गवंड्याशी जिना फोडण्यावरून वाद झाला, नंतर ग्राहकाला खर्च का वाढला ते समजावलं, शेवटी बिलं तपासली. प्रत्येक तासासमोर सहापैकी एक अक्षर लिहा. सर्जकाचा तास एक, नेटक्याचे तीन, हस्तकुशलचा आणि उद्यमीचा उरलेला वेळ. मग मुलाला किंवा मुलीला विचारा, असे आठवड्याचे पाच दिवस चालतील का, आणि उत्तर द्यायला त्यांना हवा तेवढा वेळ द्या.